शेवंती नाचली ती शर्यत

हे कुणाला पटायचं नाही, आणि न पटण्याची सहादूला आता सवयच झाली होती. पण त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गंगापूर रोडवर नातीची चालती मोटार त्याने नुसत्या हातांनी थांबवली. हातात काही नव्हतं. ना लगाम, ना दोरी. मांडीवर पूजेच्या नारळाची पिशवी होती आणि तिच्यावर त्याचे दोन हात, चौऱ्याहत्तर वर्षं वापरून झालेले, निवांत पडले होते. मखमलाबादला पुतण्याकडे सत्यनारायण होता. गाडी सायली चालवत होती, मागच्या सीटवर नवसाबाई, आणि डाव्या हाताच्या मंगल कार्यालयाच्या कमानीतून काही कळायच्या आत एक पांढरी घोडी रस्त्यावर आली. वर नवरदेव, मुंडावळ्यांच्या खाली काळा गॉगल. त्याबरोबर सहादूचे हात उठले. त्याला न विचारता उठले. मुठी वळल्या, कोपरं बरगड्यांना चिकटली, आणि दोन्ही मुठी एकदम छातीकडे ओढल्या गेल्या. गाडी कचकन थांबली. नारळ गडगडत पायाशी गेला.

“आबा! काय झालं? छातीत दुखतंय का?”

“छातीला काय धाड भरलीय? गाडी थांबवली तुझी. नायतर नवरदेव बॉनेटवर येऊन बसला असता.”

“ब्रेक मी दाबला, आबा.”

“दाबला असशील. नंतर.”

सायली हसली. मागच्या सीटवरची नवसाबाई फारसं बोलतच नसे. लग्नाला बावन्न वर्षं झाली, त्यातली पन्नास तरी सहादूच बोलला होता, आणि उरलेल्या दोन वर्षांत तिने जे सांगितलं त्यात बहुतेक ‘जेवायला चला’ असंच होतं. सहादूने वरच्या छोट्या आरशात पाहिलं. आरशात ती अर्धीच दिसत होती. कपाळ, कुंकू, पदराची कड. डोळे दिसत नव्हते. हिने हात पाहिले का? मुठी अजून वळलेल्याच होत्या. डावी उघडेना, तेव्हा उजव्या हाताने तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. करंगळी आणि शेजारचं बोट यांच्या मधली कातडी चुरचुरत होती, जिथून लगाम जातो तिथे. बावन्न वर्षांत पुष्कळ ठिकाणी पुष्कळ दुखून झालं होतं, गुडघे, पाठ, मोतीबिंदू. पण त्या बोटभर जागेतलं हे चुरचुरणं एकदाच झालं होतं आणि ते तो विसरला आहे अशी त्याची समजूत होती.

वरात पुढे सरकेना. टेम्पोवर घराच्या भिंतीएवढे स्पीकर रचलेले. गाणं काचेतून आत येत नव्हतं. पत्र्यातून, सीटमधून, सहादूच्या कवळीतून वर येत होतं. पुढे-मागे रिक्षा, मोटारी, फुलकोबी भरलेला एक छोटा हत्ती टेम्पो, सगळे अडकलेले. घोडी अस्वस्थ होती. कान मागे पाडून पाय बदलत होती, तोंडाशी फेस. धरणाऱ्या माणसाने लगाम हनुवटीपाशी इतका आखडला होता की सहादूचे दात आपोआप आवळले गेले. सैल सोड रे, तो मनात म्हणाला. सैल सोड, तिला मान दे. मान मिळाली की घोडं शहाणं असतं. अर्थात माणसाला हे शिकवायला कुणी जात नाही. आता त्याला घोड्यावर बसून चाळीस वर्षं झाली होती. मळ्याच्या जागी इमारती आल्या, तबेल्याच्या जागी पार्किंग, आणि त्याच पार्किंगच्या वर चौथ्या मजल्यावर तो राहत होता. गॅलरीत उभा राहिला की बरोबर दावणीच्या वर उभा असे, चाळीस फूट उंच, आणि काही संध्याकाळी त्याला तिथून ओल्या गवताचा आणि लिदीचा वास येई. प्रतिभाला, सुनेला, त्याने हे एकदा सांगितलं तर तिने गॅसची नळी तपासली.

“सांगा ना आबा, शेवंतीची गोष्ट,” सायली म्हणाली. तिने इंजिन बंद केलं. “अर्धा तास काही हलत नाही आपण.”

“तोंडपाठ हाय तुला.”

“तरी सांगा. तुम्ही दर वेळी थोडी वेगळी सांगता.”

हे खरं होतं. सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींना सहादूने आजवर जे जे सांगितलं होतं त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता हे त्याचं भाग्य. त्र्यंबकपर्यंत घोड्यावर उभा राहून गेलो आणि हातातला चहा सांडला नाही. एका घोडीने सरपंचाचा फेटा खाल्ला, अकरा वार, आणि तिसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत दिला, फक्त धुवायला लागला. बिबट्या तबेल्यात शिरला आणि शिंगरानेच त्याला अशी लाथ घातली की तो तिथून पुढे शाकाहारी झाला. लोक पोट धरून हसत, ‘काय आबा, थापा!’ म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसत. पण शेवंतीची गोष्ट निघाली की कुणी थाप म्हणत नसे. ती सगळ्यांना पटे. सहादूने यावर पुष्कळ विचार केला होता. त्याचं म्हणणं असं, की माणूस स्वतःला मोठा करणारं खोटं बोलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माणूस स्वतःचं हसं करून घेणारं खोटं बोलेल हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. म्हणून खोटं पचवायचं असेल तर त्यात स्वतः तोंडावर पडावं.

“बरं, ऐक,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज आपोआप बाकावरचा झाला. “चैत्राची जत्रा. घोटीच्या अलीकडं मोठा माळ व्हता, आता तिथं गोदामं हायेत. टोकाच्या बाभळीपासनं देवळाच्या झेंड्यापर्यंत दीड मैल. सतरा घोडी. आताच्या रेससारखं लोखंडी फाटक नाय, घंटी नाय. दोघं जण दोरी धरून उभे, आन् पंच रुमाल टाकायचा. रुमाल भुईला टेकला की दोरी खाली. वाऱ्यानं रुमाल उडाला तर घोडी उभीच. एका साली रुमाल बाभळीला अडकला, तर सगळी शर्यत दुसऱ्या दिवशी झाली.”

“हे नवीन आहे.”

“नवीन नाय, मागच्या वेळी विसरलो. तर, घोडीला पहाटं आंघोळ, शेपटीला गाठ, कपाळाला कुंकू, खुराखाली लिंबू. खोगीर नाय, नुसती घोंगडी. आन् आदल्या सांजेला एक रीत असायची…”

इथे त्याला थांबावं लागलं. ही रीत तो एरवी सांगत नसे. बाकावरच्या मंडळींना तर कधीच सांगितली नव्हती.

रीत अशी होती, की शर्यतीच्या घोडीला आदल्या संध्याकाळचा घास घरातल्या सगळ्यांत नव्या माणसाने भरवायचा. का, ते कुणाला माहीत नव्हतं. म्हातारे म्हणत, नव्या माणसाची घोडीला ओढ नसते, मग ती मागे वळून बघत नाही. त्या वर्षी घरातलं सगळ्यांत नवं माणूस म्हणजे नवसाबाई, कार्तिकात लग्न होऊन आलेली, एकोणीस वर्षांची. मळ्यात शेवंती आणि गलांड्याची फुलं होती, घरची मंडळी वरातीला हारही देत आणि घोडीही देत. घोडी दसऱ्याला येवल्याच्या बाजारातून आणली तेव्हा मळा पिवळाधमक फुललेला होता, म्हणून तिचं नाव शेवंती. दाणापाणी सुनेकडे होतं. पण त्या संध्याकाळी सगळं घर बघत उभं होतं, म्हणून ती बिचकली. तळहातावर भाकरीचा तुकडा, त्यावर गुळाचा खडा, आणि अंगठा बाहेर. सहादूने तिचा अंगठा धरून आत दुमडला. “अंगठा आत,” तो म्हणाला. “तळहात पाटासारखा ठेव. बाहेर राह्यला तर ती अंगठा आन् गूळ एकच समजंल.” त्याआधीच्या सहा महिन्यांत दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, त्याने बायकोच्या हाताला हात लावला नव्हता. आईने खाकरून दाखवलं. घोडीने ओठांनी भाकरी उचलली, आणि नवसाबाईने, अंगठा तसाच दुमडलेला ठेवून, त्याच्याकडे न बघता, घोडीकडे बघत विचारलं, “मुंबईत घोड्यांना कोन भरवतं?”

“पगारी माणसं असत्यात,” तो म्हणाला होता.

“हं,” ती म्हणाली होती. एवढंच.

“आबा? रीत कसली?”

“काय नाय, घोडीला गूळ भरवायचा. पुढं ऐक. तर त्या साली मुंबईहून एक टोपीवाला आला व्हता. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या कुण्या शेठच्या तबेल्याचा माणूस. गळ्यात दुर्बीण. हलकी पोरं हुडकत गावोगाव फिरायचा. मला त्यानं काखंत हात घालून उचललं, असं, तान्ह्या पोरासारखं, आन् म्हणाला, बेचाळीस किलो. ह्याला वाढू देऊ नका.”

सायली हसून हसून स्टिअरिंगवर वाकली. ही तिची आवडती जागा होती.

“म्हणाला, जो पयला येईल त्यानं घोडी कुणाच्याबी हातात द्यायची आन् झेंड्यापाशी माझी जीप उभी असंल तिच्यात बसायचं. घरी जायचं नाय, कपडे आणायचे नाय. थेट मुंबई. मी म्हटलं, बरं. रुमाल पडला. सुटलो. काय सांगू सायली, वारा कानात शिट्टी वाजवत व्हता. पयल्या अर्ध्या मैलात चौदा घोडी मागं. मग दोन राह्यली. मग एक राह्यलं, पेठच्या कुणाचं तरी काळं घोडं. तेबी गेलं मागं. म्होरं नुसता माळ, झेंडा, आन् जीप. शंभर पावलं राह्यली असतील. तेवढ्यात जत्रेवाल्यांना घाई झाली. पयला आलाच म्हणून त्यांनी आधीच ताशा सुरू केला. ताडताड ताडताड! आन् आमची शेवंती पडली वरातीची घोडी. तिला वाटलं, नवरदेव बसलाय पाठीवर. थांबली जागच्या जागी. पुढचे पाय उचलले, आन् लागली नाचायला! मी म्हणतोय चल, चल, आन् ती गिरक्या घेतीय. शेजारनं काळं घोडं गेलं. मग दुसरं गेलं. मग एक म्हातारं लंगडं घोडं गेलं, तेबी माझ्याकडं बघून फुरफुरलं. सतरापैकी सतरावा! दोन पोरांनी तर वर येऊन माझ्यावरनं पैसे ओवाळले.”

सायलीने डोळे पुसले. बाहेर नवरदेवाचे मित्र रस्त्यावर आडवे पडून नाचत होते. आणि सहादू, हशा पिकवून झाल्यावर नेहमी होई तसा, आत कुठेतरी एकदम गप्प झाला. कारण ही गोष्ट तो कितीही वेळा सांगो, त्या शंभर पावलांपाशी आला की तोंड ‘ताडताड’ म्हणे आणि आठवणीत मात्र आवाजच नसे. सगळा माळ मुका. पायाखालून मागे जाणारं पिवळं गवत, शेवंतीच्या मानेवरचा घाम, आणि समोर जीप. जीपच्या मागून निळसर धूर निघत होता. म्हणजे इंजिन चालू होतं. टोपीवाल्याने त्याच्यासाठी दार उघडून धरलं होतं. ते उघडं दार त्याने पाहिलं, आतली हिरवी रेक्झिनची सीट पाहिली, आणि का कोण जाणे त्याला एक दुमडलेला अंगठा आठवला. ‘दोन-चार वर्षं पोरगा मुंबईला रेसच्या घोड्यावर बसणार, तवर सून मळ्यात राबंल,’ असं आई गल्लीभर सांगत होती. म्हणजे उद्यापासून दोन-चार वर्षं ही रोज सकाळी बादली घेऊन दावणीशी येईल, अंगठा नीट आत घेईल, आणि दाणा घालील. एवढंच आठवलं. तो विचार नव्हता. विचार म्हणावा एवढा वेळच नव्हता. हातांनी ओढलं. कोपरं बरगड्यांना, मुठी छातीला, आणि बोटांच्या मधली कातडी सोलून निघाली. टाचा आधीपासून घोडीच्या पोटात रुतलेल्या होत्या. आता लगाम आखडला. आखडलेला लगाम आणि रुतलेली टाच, वरातीत नाचायची खूण हीच. बिचारी शहाणी घोडी. तिला सांगितलं ते तिने केलं. आणि मग, हात ओढून झाल्यावर, निम्मी गिरकी झाल्यावर, ताशा वाजला. नंतर.

खोटं त्याने रचलंसुद्धा नव्हतं. ते जत्रेनेच रचून त्याच्या हातात दिलं. “ताशा ऐकला न् नाचली की रं!” कुणीतरी ओरडलं, माळ हसला, आणि सहादूने फक्त ‘नाही’ म्हटलं नाही. घरी आल्यावर भागीबाई, त्याची आई, अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. आत चुलीपाशी नवसाबाईची पाठ दिसत होती. खरं बोलला असता तर आई काय म्हणाली असती ते त्याला शब्दन्‌शब्द माहीत होतं: बायकोनं पदराला बांधला! ते वाक्य मग त्या पाठीने जन्मभर वाहिलं असतं, पाणी भरताना, फुलं तोडताना, प्रत्येक सणाला. म्हणून तो मोठ्याने म्हणाला, “घोडी ताशा ऐकून नाचली.” आई घोडीला शिव्या द्यायला लागली, आणि तो पाय धुवायला गेला.

आई गेली, तिलाही आता तीस वर्षं झाली. सांगायला हरकत नव्हती. पण तोवर गोष्ट फार मोठी झाली होती. आणि दुसरंही होतं. इतक्या वर्षांनी बायकोला जाऊन सांगायचं, मी तुझ्यासाठी राहिलो, म्हणजे ताटात वाढलेलं सगळं जेवून झाल्यावर, हे मी किती लांबून आणलं होतं ते सांगण्यासारखं. शिवाय सांगून पटणार कुणाला? फेटा खाणारी घोडी आणि शाकाहारी बिबट्या ज्याच्या तोंडून निघाले, त्याने एकदा खरं बोलायचं म्हटलं तर त्याला दुसरं तोंड कुठून आणावं? रात्रंदिवस शेजारी असलेली बाई आपल्याला उरलेला, वाट्याला आलेला, घोडीच्या पायगुणाने मिळालेला, असंच समजत असेल, ही एक गोष्ट त्याला मधूनमधून टोचे. रविवारी पेपरात रेसचं पान येई, थंडीत मुंबईचं, पावसाळ्यात पुण्याचं. तो चष्मा लावून घोड्यांची नावं वाची, कुणाच्या पाठीवर किती वजन, कोणता जॉकी. कधी पैसे लावले नाहीत. त्यात एक मजेशीर रीत त्याला समजली होती, की शर्यतीची सगळी घोडी, कधीही जन्मलेली असोत, एकाच तारखेला एका वर्षाने मोठी होतात. हे त्याने नवसाबाईला सांगितलं तर ती गवार मोडता मोडता म्हणाली, “माणसांचं नाय तसं.” तिला काय म्हणायचं होतं ते तो विचारू शकला नाही. तिला वाटत असेल, हा त्या पानात आपलं राहिलेलं आयुष्य शोधतो. खरं तर तो शेवंतीला शोधत असे. तिचं तिथे असण्याचं काही कारण नव्हतं, तरी. वडलांनी पुढच्या दसऱ्याला तिला येवल्याच्या बाजारात विकली. हसं झालेली घोडी दारात नको. सटाण्याकडचा कुणी दोर धरून घेऊन चालला तेव्हा सहादूने मागून हाक मारली, “शेवंते!” पुन्हा मारली. सबंध बाजार वळून बघायला लागला. तिने मान वळवली नाही. नाव घालवलं तिचं, रुसणारच, तो मनात म्हणाला, आणि माणसाने रुसावं तशी ती त्याच्यावर रुसलेलीच राहिली, मेली असेल तेव्हासुद्धा.

“आबा, एक विचारू?” सायलीने हसणं संपवलं होतं. ती समोर बघत होती, घोडीकडे. “खरं सांगायचं पण.”

“खरं? एवढ्या ट्रॅफिकमधी?”

“मला सोमवारपर्यंत ऑफिसला कळवायचंय ना, हैदराबादचं. जाते की नाही. राजशी लग्न ठरलेलं, तरी तो म्हणतो, जा. म्हणतो, मी थांबवलं असं मला आयुष्यभर ऐकायचं नाही.” ती बोटाने स्टिअरिंगवरची शिवण खरवडत राहिली. “म्हणून विचारते. समजा, ताशा वाजलाच नसता. शेवंती नाचली नसती. तुम्ही बसला असता त्या जीपमध्ये?”

बावन्न वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. घोडी कशी नाचली ते शंभरांनी विचारलं, टोपीवाला काय म्हणाला ते विचारलं. घोडी नाचली नसती तर, हे एवढं साधं, कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सहादूला गाडीत एकाएकी फार कमी जागा आहे असं वाटलं. हीच ती वेळ. ‘नाही’ म्हणायचं. दोन अक्षरं. पोरीला त्याची गरज आहे, आणि मागे जी बसली आहे तिला… त्याने आरशात पाहिलं. कपाळ, कुंकू, पदराची कड. कपाळावर एकही आठी नव्हती. त्याने तोंड उघडलं. पन्नास वर्षांत ज्या वाटेने हजारदा गेलो ती वाट पायांना आपोआप लागते, तसं त्याच्या तोंडाचं झालं. ‘नाही’ म्हणण्यासाठी उघडलेल्या त्या तोंडातून बाकावरचा आवाज बाहेर आला.

“बसलो असतो की! का नाय बसणार? आज महालक्ष्मीला माझा फोटो असता भिंतीवर. घोडीनं घात केला, दुसरं काय. ताशा वाजला आन्…”

बोलताना त्याचं त्यालाच कळलं, की आजवरच्या सगळ्या थापांत हे सगळ्यांत वाईट वाक्य. पण ते आता गाडीभर झालं होतं.

“खोटं,” मागून नवसाबाई म्हणाली.

सायलीने वळून पाहिलं. “काय, आजी?”

“खोटं बोलत्यात हे.” तिचा आवाज चढलेला नव्हता, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसा होता. “ती घोडी ठार बहिरी व्हती.”

सहादू सीटवर अर्धा वळला. पट्ट्याने त्याला धरून ठेवलं. “कोन बहिरी? शेवंती? येडी का काय तू? वाजंत्रीवर नाचायची ती!”

“तुमच्या टाचंवर नाचायची. तुमी टाच द्यायचे, ती नाचायची, आन् वरातीत वाजंत्री तर वाजतच असती. तुमाला वाटायचं, लय कळतंय तिला गाणं. येवल्यात बाप-लेकांनी दात बघितले, खूर बघितले, अंगावरले भोवरे मोजले. कानात कोन बोललं का तिच्या? सहा म्हयने मी दाणा घातला तिला, सायली. मागनं हाका मारमारून घसा बसायचा. बादली वाजवा, डबा आपटा, कान हलायचा नाय. म्होरं जाऊन उभी राह्यले की मग मान उचलायची बापडी.”

“मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?” सायलीने विचारलं.

“सांगितलं असतं तर मामंजींनी दुसऱ्या दिशी विकली असती. मला तीच एक व्हती बोलायला.” बाहेर नेमकं एक गाणं संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं. “आन् त्या सांजेला हे दारात उभं राहून आत्याबाईंना म्हणाले, घोडी ताशा ऐकून नाचली. मी भाकर टाकली व्हती तव्यावर. पार कोळसा झाला तिचा, तरी उलटायचं सुधरलं नाय मला. म्हटलं, बहिऱ्या घोडीला ताशा कसा ऐकू गेला?”

“नवसे…” सहादू म्हणाला. त्याने तिला नावाने हाक मारल्याचं सायलीने आजवर ऐकलं नव्हतं.

“तुमी गप बसा. बावन्न वर्सं मी गप बसले ना? पोरगी खरं इचारतीय.” तिने पुढे वाकून सायलीच्या खांद्यावर हात ठेवला, पण बोलली ती सहादूशीच. “घोडी नव्हती थांबली. थांबलं कोन, ते सांगा तिला.”